मदत मागायला आलेल्याची आधी परीक्षा का?

भायखळ्याची लेक (मूळ लेख)

नमस्कार. विषय आमच्या ख्रिस्ती मंडळीतला, म्हणजे चर्चमधला आहे, पण इथल्या सगळ्यांनीच त्यावर बोलावं असं वाटतं, म्हणून हा धागा काढते आहे.

आमचं घराणं मूळचं नगरकडचं. आजोबा गिरणीत लागले आणि आम्ही मुंबईचे झालो. आमच्या मंडळीत गरजूंसाठी एक फंड आहे, रविवारच्या अर्पणातला काही भाग त्यात जातो. मी त्याच्या मदत समितीवर आहे. जूनच्या तोंडावर फीसाठी, पावसाळ्याआधी ताडपत्रीसाठी, एरवी औषधपाण्यासाठी लोक येतात. त्यांना एक अर्ज भरावा लागतो. उत्पन्न किती, भाडं किती, मुलं किती, इथवर ठीक. त्याखाली आणखी रकाने आहेत: नवरा दारू पितो का, घरात टीव्ही-फ्रिज आहे का, उपासनेला नियमित येता का.

अलीकडे एक बाई मुलीच्या बारावीच्या फीसाठी आली होती. नीटनेटकी, नखं रंगवलेली, हातात बऱ्यापैकी मोबाईल. एक पंच तिच्या तोंडावर म्हणाले, "असला फोन परवडतो, मग फी कशी परवडत नाही?" ती काही बोलली नाही. अर्जाची घडी करून पर्समध्ये टाकली आणि निघून गेली. पुन्हा आली नाही. ती घरोघरी जाऊन फेशियल, वॅक्सिंग करते. कामं त्या फोनवरच येतात आणि फोन हप्त्यावर घेतलेला आहे, हे तिच्या शेजारणीकडून कळलं.

पण मला खरं टोचतंय ते पुढचं. समजा, असं काही कारण नसतं. तिने फोन निव्वळ हौसेने घेतला असता. तरी तिच्या मुलीची फी भरायची राहिलीच होती ना? आपण तिला निर्दोष ठरवल्यावरच दया दाखवणार असू, तर ती दया कुठली? तो निकाल झाला.

बायबलात मत्तयाच्या २५व्या अध्यायात न्यायाच्या दिवशी राजा, म्हणजे प्रभू, सहा गोष्टी मोजतो. भुकेल्याला खायला, तान्हेल्याला प्यायला, परक्याला आसरा, उघड्याला कपडा, आजाऱ्याची विचारपूस, आणि सहावी, तुरुंगात असलेल्याची भेट. ही सहावी मी लहानपणापासून ऐकत आले, पण तिचा अर्थ आता लागतोय. तुरुंगातला माणूस गुन्हेगार असू शकतो, हे ऐकणाऱ्यांना ठाऊकच होतं. तरी प्रभू कुठेही म्हणत नाही की निर्दोष कैद्यालाच भेटा. योहानाच्या ९व्या अध्यायात जन्मांध माणूस दिसतो, तेव्हा शिष्य पहिला प्रश्न विचारतात: पाप कोणाचं, याचं की याच्या आईबापांचं? येशू तो प्रश्नच बाजूला सारतो आणि त्याच्या डोळ्यांकडे वळतो. आमचा अर्ज शिष्यांच्या प्रश्नापाशीच अडकून बसलाय असं मला वाटतं.

तो अर्ज बदलावा असं मी पुढच्या बैठकीत मांडणार आहे. तुमचं मत सांगा, विरोधातलं असेल तर ते आधी सांगा.

जुना हिशेबनीस

विरोधातलं आधी मागितलंत म्हणून लिहितो. मीही एका मंडळीचा खजिनदार होतो, तुमच्यापेक्षा बरीच जास्त वर्षं. पंचांनी त्या बाईला जे सुनावलं त्याचं समर्थन करत नाही. मात्र फंडात पैसे येतात कुठून, हेही बघा. आमच्याकडे पेन्शनीतून शंभर रुपये काढून देणाऱ्या म्हाताऱ्या होत्या. त्यांच्या शंभराचा जाब मला द्यावा लागे. एकच कुटुंब तीन मंडळ्यांतून एकाच फीचे पैसे घेऊन गेलेलं मी पाहिलंय. दिलेली शिलाई मशीन आठ दिवसांत विकून दारू प्यायलेला माणूसही पाहिलाय. त्याच्या बायकोच्या अंगावर वळ होते.

आणि वचनांचंच म्हणाल तर प्रेषित पौल थेस्सलनीका शहरातल्या मंडळीला पत्रात स्पष्ट लिहितो, की ज्याला काम करायची इच्छा नाही त्याने खाऊही नये. तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रात विधवांच्या नोंदीचे नियमच आहेत: वय ६० च्या वर, सत्कृत्यांबद्दल नावाजलेली, पाहुणचार केलेली. प्रेषितांच्या कृत्यांत ६व्या अध्यायात वाटपासाठी सात माणसं नेमली. म्हणजे चौकशी, नोंद, समिती हे सगळं पहिल्या शतकापासूनचं आहे. दया आंधळी असावी असं शास्त्र कुठेच सांगत नाही.

दादर पूर्व

मी ख्रिस्ती नाही, वारकरी घरातला आहे. आमच्याकडेही अन्नदानाच्या पंगतीत "हा रोजच येतो" म्हणून कुजबुज होतेच. गाडगेबाबांच्या नावाची धर्मशाळा माझ्या घराजवळ आहे, कॅन्सरचे पेशंट आणि त्यांचे नातेवाईक तिथे राहतात. इथली चर्चा वाचतोय, चालू ठेवा.

भायखळ्याची लेक

@जुना हिशेबनीस, काका, तुम्ही मोकळेपणाने लिहिलंत हे बरं केलंत. ही तिन्ही वचनं आमच्या बैठकीतही निघणारच आहेत.

पौलाचं वाक्य ज्याला इच्छा नाही त्याच्याबद्दल आहे. ज्याला काम मिळत नाही त्याच्याबद्दल नाही. सकाळी कुठल्याही नाक्यावर जाऊन बघा. बिगारी, रंगारी, गवंडी डबा घेऊन उभे असतात. दहा-अकरापर्यंत कोणी नेलं नाही तर तसेच परत जातात, आणि दुपारी त्यांना पायरीवर बसलेलं बघून आपण म्हणतो, "धडधाकट आहे, काम का करत नाही?"

विधवांची ती यादी मंडळीने जन्मभर पोसायच्या बायकांची होती. दारात आलेल्या भुकेल्याला त्या यादीत नाव आहे का, असं विचारायला पौलाने सांगितलेलं नाही.

आणि कृत्यांमधली ती सात माणसं! ती का नेमली, ते बघा ना. रोजच्या वाटपात ग्रीक बोलणाऱ्या विधवांची उपेक्षा होत होती, अशी तक्रार आली म्हणून. निवडलेल्या सातही जणांची नावं ग्रीक आहेत. म्हणजे ज्यांच्यावर अन्याय होत होता, त्यांच्यातल्याच माणसांच्या हाती वाटप दिलेलं दिसतं. समिती झाली ती कोणी सुटू नये म्हणून. आमच्या समितीवर तर फंडातून कधी मदत घेतलेलं एकही माणूस नाही.

कुर्ला टर्मिनस

इथे मी बहुतेक वेळा फक्त वाचते. आज लिहिते.

आमच्या घरी अशी समिती यायची. वडील गेल्यावर आईला महिन्याला किराणा मिळायचा. दोन बायका आणि एक काका यायचे. आई सकाळपासून घाबरलेली असायची, घर फार स्वच्छ ठेवायचं की थोडं अस्ताव्यस्त, हेही तिला कळायचं नाही. त्या बायका बोलता बोलता ओट्याकडे जायच्या आणि टोपावरचं झाकण उचलायच्या. एका ईस्टरला शेजारच्या काकूंनी आम्हाला मटण पाठवलं होतं. दुसऱ्या दिवशी समिती आली. टोपात दोन तुकडे आणि रस्सा उरला होता. झाकण उचललं गेलं, कोणी काही बोललं नाही, आणि पुढच्या महिन्यापासून किराणा बंद झाला. आईने कारण विचारायला जायचं नाही म्हणून सांगितलं. आम्ही त्या मंडळीतही जाणं सोडलं.

मी आज कमावते, भावाचंही बरं चाललंय. त्या लोकांविषयी मनात राग नाही. त्यांनी किराणा दिला म्हणून आम्ही जगलो हेही खरंच आहे. पण आई जाईपर्यंत कोणी घरात आलं की ओट्यापुढे उभी राहायची.

हिशेबनीसकाका, तुमच्या म्हाताऱ्यांच्या शंभर रुपयांचा हिशेब ठेवायलाच हवा. तो वहीत ठेवा. आमच्या टोपात बघू नका.

भायखळ्याची लेक

ताई, हे लिहिल्याबद्दल तुमचे उपकार. बैठकीत हा प्रतिसाद वाचून दाखवला तर चालेल का? नाव-गाव काही येणार नाही.

कुर्ला टर्मिनस

चालेल.

वसईवाला

आम्ही कॅथोलिक. आमच्या धर्मग्रामात सेंट व्हिन्सेंट डी पॉल सोसायटी आहे, मुंबईत बहुतेक पॅरिशमध्ये ती सापडेल. १८३३ मध्ये पॅरिसमध्ये फ्रेडरिक ओझानाम आणि त्याच्या मित्रांनी ती सुरू केली. ओझानाम तेव्हा जेमतेम वीस वर्षांचा विद्यार्थी होता. कोणीतरी त्यांना डिवचलं होतं की तुमचं चर्च पूर्वी काय करत होतं ते सांगू नका, आज गरिबांसाठी काय करतंय ते दाखवा. मग ही मुलं थंडीत आपल्या वाट्याचं उरलेलं सरपण घेऊन एका गरीब घरी गेली. पॅरिसच्या गरीब वस्तीत काम करणाऱ्या सिस्टर रोझाली रँदू यांनी त्यांना हे काम शिकवलं. १९९७ मध्ये ओझानामला धन्यवादित (संतपदाच्या आधीची पायरी) घोषित केलं गेलं.

आमची पद्धतही घरभेटीचीच आहे, दोघादोघांनी जायचं. म्हणून कुर्ल्याच्या ताईंचं वाचून पोटात कालवलं. घरभेट म्हणजे तपासणी होऊ शकते, हे अगदी खरं. आमच्याकडे जुनी मंडळी नव्यांना एक शिकवतात: घरात गेल्यावर बसायचं. चटई असेल तर चटईवर, काही नसेल तर जमिनीवर. चहा दिला तर प्यायचा, नाही म्हणायचं नाही. आणि निदान पहिल्या भेटीत कागद बाहेर काढायचा नाही. उभ्या माणसाची नजर आपोआप घरभर फिरते. बसलेला माणूस समोरच्याच्या तोंडाकडे बघतो.

आमच्याकडे सगळं आलबेल आहे असं म्हणत नाही. "हे प्रार्थनेला येत नाहीत" हा शेरा आमच्या बैठकींतही ऐकू येतो.

काळा कोट

कायद्याच्या बाजूने थोडं. हा निवाडा करण्याची सवय फक्त मंडळ्यांची नाही, ती आपल्या कायद्यातच भिनलेली आहे. मुंबई भीक प्रतिबंधक कायदा १९५९ चा. त्यात भीक मागण्याच्या व्याख्येत गाणं, नाचणं, भविष्य सांगणं हे सगळं आलंच, शिवाय उपजीविकेचं उघड साधन नसताना सार्वजनिक जागी असं वावरणं की हा मागूनच जगत असेल असं वाटावं, हेसुद्धा आलं. म्हणजे गरीब दिसणं पुरे. पहिल्यांदा दोषी ठरला तर एक ते तीन वर्षं भिक्षेकरी गृहात, पुन्हा पुन्हा सापडला तर दहा वर्षांपर्यंत. चेंबूरला असं गृह आहे. दिल्लीतही हाच कायदा लागू होता, तिथल्या उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये त्यातली बरीच कलमं घटनाबाह्य ठरवली.

उलट दिशेचं उदाहरणही मुंबईचंच. १९८१ च्या ऐन पावसाळ्यात फुटपाथवरच्या झोपड्या हटवायला सुरुवात झाली, ते प्रकरण ओल्गा टेलिस यांच्या नावाने सर्वोच्च न्यायालयात गेलं. १९८५ च्या निकालात सरन्यायाधीश यशवंत चंद्रचूड यांच्या घटनापीठाने उपजीविकेचा हक्क हा जगण्याच्या हक्काचाच भाग मानला. माणसं फुटपाथवर राहतात ती पोटाच्या मजबुरीने, गुन्हा करायच्या इराद्याने नव्हे, हे मान्य केलं. हटवायची परवानगी न्यायालयाने शेवटी दिलीच, फक्त पावसाळा संपल्यावर. त्या लोकांच्या पदरात तसं थोडंच पडलं. तरी "हे इथे का राहतात?" हा प्रश्न त्यांना गुन्हेगार न समजता विचारता येतो, एवढं त्या निकालपत्रात दिसतं.

परळची सिस्टर

नर्स आहे, परळला. टाटा हॉस्पिटलच्या आसपासच्या फुटपाथवर राहणारे पेशंट रोज बघते, म्हणून जरा लांब लिहिणार आहे.

बाहेरगावाहून आलेली माणसं असतात. विदर्भातून, बिहारमधून, झारखंडमधून. उपचार कमी पैशात किंवा फुकटही होतात, पण किमोच्या दोन फेऱ्यांच्या मध्ये गावी जाऊन यायला पैसे नसतात, आणि धर्मशाळेत नंबर लागायला वेळ लागतो. मग फुटपाथ. अंगावर इस्त्रीचा शर्ट असतो, कारण घरून निघताना चांगला म्हणून तोच घातलेला असतो. जाणारे-येणारे म्हणतात, हा तर चांगल्या घरचा दिसतो, मग मागतो कशाला? अहो, चांगल्या घरचाच होता तो. घर विकून आलाय.

रविवारी अन्नदान करायला गाड्या येतात. चर्चच्या, मंदिराच्या, कंपन्यांच्या. भाव चांगलाच असतो. वडापाव, पुलाव, पुरी-भाजी वाटतात. तोंडाच्या कॅन्सरचा पेशंट ते घेत नाही किंवा घेऊन बाजूला ठेवतो. एकदा माझ्यासमोर एक बाई म्हणाल्या, "फुकटचं मिळतंय तर माज बघा." त्या माणसाचं तोंड दोन बोटंसुद्धा उघडत नव्हतं. रेडिएशनने तोंड आतून सोललेलं असतं, तिखटाचा थेंब लागला तर डोळ्यांतून पाणी येतं. काहींच्या नाकात नळी असते. त्यांना पातळ पेज, मिक्सरमध्ये वाटून गाळलेली डाळ-खिचडी, दूध एवढंच चालतं. त्या बाई दुष्ट नव्हत्या. त्यांनी विचारलंच नाही, एवढंच.

आणि मग येतं "तंबाखू खाल्ली म्हणून झाला ना, भोगा आता." अनेकांना तंबाखूनेच झालेला असतो, ते खोटं नाही. पण उसाच्या फडात, वीटभट्टीवर बारा बारा तास राबणारा माणूस भूक मारायला तंबाखूची चिमूट लावतो, हे तुम्ही त्याच्याशी चार शब्द बोललात तर तोच सांगेल. आणि नाही सांगितलं तरी वॉर्डात आम्ही त्याची ड्रेसिंग त्याच हातांनी करतो. कशाने झाला हे केसपेपरवर लिहायचं असतं, उपचारासाठी. त्यावरून गॉज किती वापरायचं ते ठरत नाही.

हिशेबनीसकाकांचा शिलाई मशीनचा मुद्दा मात्र खरा आहे. टीबीच्या कामात असताना पिणारे पेशंट पुष्कळ बघितले. अशा घरात रोख पैसे नवऱ्याच्या हाती द्यायचे नाहीत, हे मीही म्हणेन. पण ते बायकोच्या पाठीवरचे वळ वाचवायला. त्याला शिक्षा म्हणून नव्हे. फी थेट शाळेत भरा, किराणा दुकानदाराकडे पैसे ठेवा, औषध बायकोच्या हातात द्या. आणि त्या नवऱ्यालाही व्यसनमुक्तीच्या बैठकीला घेऊन जायला कोणीतरी जा. "नवरा दारू पितो का" हा प्रश्न यासाठी विचारत असाल तर जरूर विचारा. त्या उत्तरावरून अर्ज नाकारत असाल तर विचारू नका.

दादर पूर्व

सिस्टर, हे माहीत नव्हतं. आमचं मंडळ आषाढीला तिथे साबुदाणा खिचडी वाटतं.

जुना हिशेबनीस

कुर्ल्याच्या लेकीचा प्रतिसाद रात्री वाचला, सकाळी परत वाचला. बाळ, तुझ्या आईच्या बाबतीत झालं ते व्हायला नको होतं.

माझं म्हणणं मी सोडत नाही. फंड मर्यादित आहे, दहा अर्ज आले आणि पैसे चौघांपुरतेच असले तर निवड करावीच लागते. ही निवड कोणत्या कसोटीवर करायची, ते भायखळ्याच्या ताईंनी सांगावं. "सगळ्यांना द्या" हे व्यासपीठावरून बोलायला सोपं आहे. सहा जणांना नाही म्हणायला खजिनदारच बसतो.

सिस्टरचं मात्र पटलं. कोण पितो हे विचारण्यामागचा हेतू काय, तो अर्जात कुठेच लिहिलेला नसतो.

भायखळ्याची लेक

काका, हा प्रश्न अवघड आहे आणि मी तो टाळणार नाही.

मला वाटतं, कसोटी गरजेची असावी. कोणाची निकड आज आहे, कोणाचं पाणी उद्या डोक्यावरून जाणार आहे. औषध थांबलं तर जीव जाईल, फी भरली नाही तर हॉलतिकीट अडेल, हे विचारता येतं, ताडूनही बघता येतं. माणूस चांगला आहे का, हे आपल्याला ताडता येत नाही आणि ते काम आपल्याला दिलेलंही नाही. चौथ्या शतकात अंत्युखिया शहरात योहान क्रिसोस्तोम हा धर्मगुरू लाजराच्या दाखल्यावर (श्रीमंताच्या दारात पडलेल्या भिकाऱ्याची येशूने सांगितलेली गोष्ट) उपदेश करताना हेच सांगत होता. गरज हीच गरिबाची पात्रता, तो कोण, कसा वागतो याची चौकशी करत बसू नका. तोही मोठ्या शहरातच बोलत होता, आणि तिथेही लोक भिकाऱ्यांना ढोंगी म्हणत होते.

ज्या सहा जणांना नाही म्हणावं लागेल, त्यांना "तुम्ही बसत नाही" असं न सांगता "आमच्याकडे पैसे संपले" असं सांगायचं. तेच खरं असतं. आणि ते सांगायला खजिनदार एकटा बसू नये, समितीतले आम्ही दोघे-तिघे त्याच्याबरोबर बसू. दुसऱ्या मंडळीचा, ट्रस्टचा, सरकारी योजनेचा कागद त्यांच्या हातात देऊन, जमलं तर बरोबर जाऊन. येशूच्या दाखल्यातला चांगला शोमरोनी आठवतो, लुटून वाटेत टाकलेल्या जखमीला उचलून सरायीत नेणारा, परक्या समाजाचा माणूस. त्याने सरायवाल्याला दोन दीनार दिले आणि म्हणाला, जास्त लागलं तर परत येताना देईन. जखमीला त्याने एकही प्रश्न विचारलेला नाही. अर्धमेला माणूस काय उत्तर देणार? पण व्यवस्था लावली, पैसे मोजून दिले, पुन्हा येण्याचं कबूल केलं. तुम्हाला हवा असलेला हिशेब त्या दाखल्यात आहे.

वसईवाला

+१. आणि फोटो बंद करा. फी घेताना मुलांना वेदीसमोर रांगेत उभं करून काढलेले फोटो व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फिरतात. वर्गातली पोरं त्याच ग्रुपमधल्यांची मुलं असतात. उजवा हात काय करतो ते डाव्याला कळू देऊ नका, हे मत्तयाच्या ६व्या अध्यायात इतकं सरळ लिहिलेलं आहे.

भायखळ्याची लेक

बैठक झाली, कळवते. टीव्ही-फ्रिजचा रकाना गेला. दारूचा प्रश्न अर्जातून काढला, भेटीत गरज पडली तरच बोलायचं आणि सिस्टरनी सांगितलं तसं, पैसे कोणाच्या हाती द्यायचे एवढ्यापुरतंच. फोटो बंद. ज्यांनी पूर्वी फंडातून मदत घेतली होती अशा दोघींना समितीवर या म्हणून विचारायचं ठरलं, त्यातल्या एकीने होकार दिलाय.

उपासनेच्या हजेरीचा रकाना राहिला. त्यावर बरीच वादावादी झाली. फंड मंडळीचा आहे, आधी मंडळीतल्यांना, असं पाच जणांचं म्हणणं. शोमरोनी कोणत्या मंडळीचा होता असं मी विचारलं, त्यावर कोणी उत्तर दिलं नाही, पण मतही बदललं नाही. पुढच्या बैठकीत पुन्हा मांडणार.

त्या बाईकडे मी आणि पाळकसाहेबांच्या पत्नी जाऊन आलो. फी तिने कर्ज काढून भरली होती. फंडाचे पैसे घ्यायला ती तयार झाली नाही. पण चहा दिला, आम्ही बसलो, मुलीचा अभ्यास कसा चाललाय ते बोललो. तिला केमिस्ट्री जड जाते. आमच्या मंडळीत एक निवृत्त शिक्षिका आहेत, त्यांना विचारते आहे.

जुना हिशेबनीस

सिस्टर, एक विचारायचं होतं. आमच्या मंडळीत ज्येष्ठांचा गट आहे, सात-आठ जण. पेज करून आणायची तर किती पातळ, आणि मीठ चालतं का? काहींना नळीतून देतात म्हणालात, ते आम्ही देऊ नये ना?

परळची सिस्टर

काका, नळीतून तुम्ही देऊ नका, ते नातेवाइकांना शिकवलेलं असतं. तुम्ही नुसतं गाळलेलं द्या. तांदूळ-मूगडाळीची पेज, मिक्सरमध्ये फिरवून मोठ्या गाळणीतून काढायची, चमच्यातून धार पडेल इतकी पातळ. मीठ बेताचं, तिखट-मसाला अजिबात नको. कोमट आणा, गरम नको. थर्मासमध्ये आणलीत तर उत्तम. आणि प्रत्येकाला आधी विचारा, काय चालतं, कारण साखरेचे पेशंट असतात, किडनीचे असतात. सकाळी नऊच्या आधी आलात तर ओपीडीच्या रांगेत लागायच्या आधी पोटात काहीतरी जाईल.